पाच नंबरचं गाणं

६ जानेवारी

रिटायर होऊन पाच महिने झाले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल मिलच्या इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार रूळ तपासायला, होतो तेव्हा प्रत्येक शिफ्टची लॉगबुक लिहायची सवय लागली, ती काही सुटत नाही. परवा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 'दूध पातळ, ताकीद दिली' असा शेरा मारला, तर नलू म्हणाली, "एक डायरी आना अन् थ्यात लिवत बसा. मायं कॅलेंडर खराब करू नका." म्हणून ही डायरी.

लिहायला विषयही तसाच तालेवार आहे. आमची लेक गुंजन अल्बम काढते आहे. दिवसा ती नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर नाचायची गाणी बनवते. जोडीला बबलू साहू. हा पावर हाउस भागातल्या धुमाल पार्टीत, म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये, पॅड वाजवतो. वरातीपुढच्या गाडीवर उभा राहून असा वाजवतो की रुसलेले मामेसुद्धा नाचायला उठतात. मूळचा छत्तीसगढी, पण आमच्याकडे जेवून जेवून मराठी शिकला. दोघांच्या जोडीचं नाव 'जनरल शिफ्ट'. मी जन्मभर फिरत्या पाळ्या केल्या, जनरल शिफ्ट ऑफिसातल्या बाबूंची. नाव आधी मला विचारलं असतं तर पास केलं नसतं.

वरची खोली त्यांनी स्टुडिओ केली आहे. आवाज घुमू नये म्हणून पाहुण्यांच्या सगळ्या गाद्या भिंतींना ठोकल्या. नलू विचारते, पाहुणे आले तर त्यांना भिंतीवर निजवू का?

९ जानेवारी

आमच्या घरची पद्धत लिहून ठेवतो. गुंजन सातवीत असताना मी तिला पावर हाउसच्या बाजारातून कीबोर्ड आणून दिला. तेव्हापासून तिने कोणतीही धून बसवली की आधी मला ऐकवते. मी रुळासारखं इन्स्पेक्शन करतो आणि तीनपैकी एक शेरा देतो: पास, रिवर्क नाहीतर रिजेक्ट. कारण विचारलं तर सांगतो, पण वाद चालत नाही. खोट असलेला रूळ पास केला तर पुढे गाडी पडते. पोरगी एम.एस्सी. झाली तरी अजून म्हणते, "बाबा पास म्हनत नाही तवरिक मले चैन नाही पडत." याचा मला किती अभिमान आहे ते मी तिला दाखवत नाही. इथे लिहायला हरकत नाही.

अल्बममध्ये आठ गाणी आहेत. आज पहिलं तयार झालं, 'हूटर'. सुरुवातीला लांबून एक खर्ज उठतो, पाळी बदलताना प्लांटचा हूटर उठतो तसा. तो वाढत वाढत छातीत भरतो, आणि आता फुटणार असं वाटतं तेव्हा बबलूचा ढोल पडतो. मी खुर्चीत बसलो होतो, पाय आपोआप सुरू झाले. गुडघे दुखतात म्हणून मी परवाच तेल आणलं आहे, तरी सुरू झाले. वा रे पठ्ठे! पास, पास, पास. हे माझ्या पोरीने केलं यावर माझाच विश्वास बसेना.

१८ जानेवारी

हथखोजला जाऊन आलो. पुतण्या राहुल तिथे पत्र्याचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गुंजनला तिथल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा आवाज पाहिजे होता. बबलू माईक घेऊन प्रेसपुढे उकिडवा बसला, तर सगळे कामगार हातातलं टाकून बघायला आले. एकजण म्हणाला, "अरे भाई, हम तो इसी आवाज से भागते हैं."

ती प्रेस जुनी आहे, चौथा ठोका किंचित उशिरा पडतो. मी असतो तर लगेच बंद करून फिटर बोलावला असता. या दोघांनी काय केलं, तोच लंगडा ठोका उचलला आणि त्याच्यावर अख्खं गाणं उभं केलं. नाचताना चौथ्या ठोक्याला माणूस थोडा हवेत राहतो आणि मग आदळतो. काय डोकं आहे! मशीनची खोट यांच्या गाण्याची चाल झाली. मला हे सात जन्मात सुचलं नसतं. दोन नंबर, नाव 'प्रेस', पास.

अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राहुलचं लग्न आहे. वरातीला जनरल शिफ्टच पाहिजे, असं त्याने तिथेच सांगून टाकलं.

२९ जानेवारी

नलू शेजारी हळदीकुंकवाला गेली. जाताना म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच पेपर वाचत बसलो. एकही शिट्टी झाली नाही आणि डाळीचा कोळसा झाला. कुकरची शिट्टी बिघडली आहे. संध्याकाळी पावर हाउसला जाऊन नवीन आणली, तीही बंडल निघाली. हल्ली कोणत्या वस्तूत दमच राहिला नाही. माणसंही तशीच. नलू दिवसभर पुटपुटते, एक वाक्य धड बोलत नाही. अंगणातल्या चिमण्यासुद्धा मोबाइलच्या टॉवरमुळे मुक्या झाल्या आहेत, नुसती चोच उघडतात.

तीन नंबर परवा ऐकलं. सुरुवात झकास, पण मध्येच ढोल थांबतो आणि बराच वेळ काहीच नाही. गुंजन डोळे मिटून मान डोलवत होती, कशावर ते देव जाणे.

म्हटलं, "ही जागा रिकामी कावून सोडली?"

"बाबा, इथं बासरी आहे न."

"असंल. पन दम नाही थ्यात. इथं बेंजो ठोक, खालच्या सुरात."

बबलू काहीतरी बोलणार होता, गुंजनने त्याच्याकडे पाहिलं तसा गप्प बसला. रिवर्क. आज बेंजो टाकून आणलं, तेव्हा गाणं कसं अंगावर आलं! पास केलं. चार नंबरलाही तीच तक्रार होती, तिथेही बेंजोच सांगून ठेवला आहे.

१० फेब्रुवारी

आज पाच नंबर. गाण्याचं नाव 'हळू'. हे गुंजनने स्वतः गायलं आहे. एरवी मला एकट्याला ऐकवते, आज नलूलाही पीठ मळता मळता वर बोलावलं.

गाणं सुरू झालं म्हणतात. मला एक बारीक ठोका तेवढा लागला, कोणी पाय न वाजवता चालावं तसा. त्यावर कुजबुज. ती कुजबुजही असली तर असली, नसली तर नसली. चांगलं चार-पाच मिनिटं हेच. मी वाट पाहत होतो की आता ढोल येईल, मग येईल. नलूने पिठाच्या हातानेच तोंडाला पदर लावला आणि शेवटी डोळे पुसायला लागली. बबलू कॉम्प्युटरकडे न बघता माझ्याकडे बघत होता. गाणं संपलं तेव्हा तिघंही माझ्याकडेच बघत होते.

खोटं बोलणं मला जमत नाही. म्हटलं, "रिजेक्ट. नाचाच्या अल्बमात हे कुजबुज कायले पायजे? पोकळ आहे. शब्दबी पोचत नाहीत."

गुंजन म्हणाली, "शब्द नाही ऐकू आले, बाबा?"

"असं ओठातल्या ओठात म्हटलं त कोनाले ऐकू येतीन?"

"बरं," म्हणाली आणि कॉम्प्युटर मिटला. नलू उठली. "तुमाले काहीच नाही वाटलं?" असं विचारून उत्तर न घेताच खाली गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. अजून त्या गाद्यांचाच राग असावा.

१२ फेब्रुवारी

नलूने आज मुक्यानेच वाढलं. वर गुंजन आणि बबलूचं भांडण लागलं होतं. बबलू काय बोलला ते मला जिन्याखाली स्वच्छ ऐकू आलं. या घरात तो एकटा धड आवाजात बोलतो.

"पाच नंबर नाही त अल्बम नाही! आठ गान्यांत थे एकच असं आहे की दुसऱ्या कोनाले करता नाही आलं असतं. अन् तू काकाच्या एका शब्दावर फेकून राहिली? काका का भगवान आहेत?"

गुंजन त्यावर काय म्हणाली कोण जाणे. बबलू पॅड काखोटीला मारून खाली आला आणि मला नमस्कार करून निघून गेला. रागातही नमस्कार चुकला नाही, हे मला आवडलं. मिलमध्येही इन्स्पेक्शनशी भांडतो तोच कामाचा माणूस असतो.

गुंजन जिन्यात बसली होती. मी जाऊन बाजूला बसलो. म्हटलं, "गानं चांगलं असतं त म्या आडवलं असतं का, बाई?"

"मालूम आहे, बाबा. सारे लोक मले वा वा म्हनतात. तुमी एकटेच खरं बोलता." तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी तसाच बसून राहिलो. माझ्या अख्ख्या नोकरीत मला कोणी एवढा मान दिला नाही.

२० फेब्रुवारी

बबलू परत आला. तडक स्वयंपाकघरात जाऊन ताट मागितलं. "गानं फेकलं म्हनून काकूची पोळी नाही न फेकत." पाच नंबर अल्बममधून काढलं. सहा नंबरमध्ये दोन जागी रिकामं वाटलं, तिथे बेंजो टाकायला लावला, पास केलं. नलू आता बोलते, पण कामापुरतं.

उद्या तुमसरला बहिणीच्या घराची वास्तुशांती आहे, आठ दिवस तिकडेच.

३ मार्च

परत येऊन पाहतो तर सात आणि आठ नंबर माझ्याविना उरकून पुढे पाठवूनही दिले! ऐकवा म्हटलं. ऐकली. अधूनमधून ढोल सोडला तर दोन्हींत काहीच घडत नाही. तारीख जवळ आली होती म्हणे. "काका, तुमी नव्हते न," असं बबलू म्हणाला आणि हसू दाबलं. मला वाईट वाटलं. सहा गाणी तपासली आणि शेवटची दोन तशीच गेली. अल्बमला ती कमजोरी राहणार.

२१ मार्च

अल्बम आला! 'हूटर' हेच अल्बमचंही नाव. सकाळपासून गुंजनचा फोन खाली ठेवला जात नाही. क्लासच्या पोरांनी वर्गातच लावला आणि हायड्रोकार्बन राहिले बाजूला.

दुपारी मी पावर हाउसला गेलो, म्हटलं भाजी घेऊ. रसाच्या गाडीवर आमचा 'हूटर' लागलेला! तो रसवाला चरक फिरवत होता तो बरोबर ठेक्यात. दोन ऑटोवाले बाजूला मान हलवत होते. मी गाडीला टेकून पूर्ण गाणं ऐकलं. मग राहवेना. सांगितलं, "ये मेरी बिटिया का गाना है." रसवाल्याने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं, माझी पिशवी पाहिली, त्यातला मुळा पाहिला. म्हणाला, "सच्ची?" आणि दुसरा ग्लास भरून हातात दिला. असा रस मी जन्मात प्यालो नाही. येताना भाजीवालीलाही सांगितलं, आणि ज्या ऑटोत बसलो त्यालाही. नलू म्हणाली, घरी येता येता अर्ध्या भिलाईला सांगून झालं, की राहिलं कोणी? ती आज हसली.

२९ मार्च

रायपूरच्या कोणा गाण्यांवर लिहिणाऱ्याने अल्बमबद्दल लांबलचक लिहिलं आहे. गुंजनने मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचं म्हणणं असं: 'हूटर' आणि 'प्रेस' ऐकून कान टवकारतात, असा ठेका आपल्याकडे अजून कोणी काढला नव्हता. तीन, चार आणि सहामध्ये मात्र चांगल्या चालीवर कोणीतरी रजई टाकली आहे, नुसता धबधबा आणि बेंजो. आणि शेवटची दोन गाणी म्हणजे कमाल. त्यांतलं बारीक काम ऐकत राहावं, हा हात बाकीच्या गाण्यांत कुठे लपला? पहिला अल्बम उंचसखल आहे, पण यांची उंची बघा, असा शेवट केला आहे.

माझं टाळकंच सरकलं. मी पास केलेली तीन गाणी रजईखाली आणि न तपासलेली दोन कमाल? या माणसाचे कान तपासून घ्यायला पाहिजेत. गुंजनला तसं म्हटलंही. ती चिडली नाही. ते पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे बघत बसली.

"बाबा, सात नंबरमधी तुमाले काय काय ऐकू येते?"

"ढोल."

"अन्?"

"अन् काय? ढोल."

ती जेवलीच नाही. टीका मनाला लावून घेतली असणार.

३१ मार्च

आज काहीतरी झालं, काय ते नीट कळलं नाही. जसं झालं तसं लिहितो.

गुंजनने मला वर बोलावलं. बबलूही होता. म्हणाली, स्पीकर तपासायचे आहेत, एक सूर लावते, तो खालून वर चढत जाईल, ऐकू येणं थांबलं की हात वर करा. मी बसलो. खर्ज सुरू झाला, छान भरीव. चढत चढत गेला आणि बंद पडला. मी हात वर केला. म्हटलं, झालं? एवढाच?

मी बघतो तर बबलूने दोन्ही कानांवर हात ठेवलेले, तोंड वाकडं केलेलं. तेवढ्यात नलू खालून जिना चढून आली, हातात उलथणं, कपाळावर आठ्या. "बंद करा थे! कान फाटून राहिले माये!"

मी विचारलं, "काय बंद करा? लाइट गेली का?"

गुंजन कॉम्प्युटरकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. बबलू उठला, माझ्याजवळ आला आणि कधी नव्हे ते माझ्या पायाशी बसला. उद्या नाहीतर परवा डॉक्टरकडे जायचं आहे म्हणतात.

२ एप्रिल

कानाच्या डॉक्टरबाईंनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांना हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं चाचणी संपली. काचेतून पाहिलं तर बाई अजून आकडे फिरवत होत्या आणि त्यांच्यामागे गुंजन उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बटणावर अंगठा ठेवून मी बसून राहिलो.

वरचे सूर गेलेत. एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं हळूहळू. वयाने थोडे आणि मिलच्या आवाजाने बाकीचे. कानात घालायला बोंडं मिळायची, मी ती शर्टाच्या खिशात ठेवायचो. बोंडं घालून इन्स्पेक्शन होतं का, असा माझा तोरा. आणि मिलवाले सगळे आपसात ओरडूनच बोलतात, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. कानाला लावायचं मशीन मिळेल, मे महिन्यात येईल. बोलणं सुधारेल, गाणं पूर्वीसारखं लागेल याचा भरवसा नाही म्हणाल्या.

म्हणजे कुकर वाजत होता. चिमण्याही बोलत होत्या. आणि मी माझ्या लेकीच्या बासऱ्या काढून बेंजो ठोकायला लावले. त्या रायपूरवाल्याला मी काय काय बोललो! फार लाज वाटते आहे. आज आणखी लिहवत नाही.

६ एप्रिल

चार दिवस मी वर गेलो नाही. आज गुंजनच खाली आली.

"बाबा, पाच नंबर मी परत गाते. खालच्या सुरात, मोठ्यानं. खाली ढोल टाकते. तुमाले पूर्न ऐकू येईन असं करते."

तिने चाल बदलून ठेवली होती, फक्त माझा होकार पाहिजे होता. क्षणभर मला मोह झाला. खोटं कशाला लिहू? त्या गाण्यात काय आहे ते मला ऐकायचं होतं. नलूला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "माया तोंडून नाही सांगत. पोरीनं केलं आहे, पोरीच्याच गान्यातून समजा."

पण मी इन्स्पेक्शनचा माणूस आहे. म्हटलं, "गुंजन, रूळ मापाले गेज असतो. गेजच खराब निघाला त गेज फेकतात. रूळ कापून गेजात नाही बसवत."

"पन मंग तुमालेच नाही न ऐकू येनार. अन् थे गानं तुमच्या..." ती थांबली.

"मले नाही आलं त नाही आलं. बाकीची भिलाई बहिरी नाही. जसं गायलं तसंच काढ. अन् तीन, चार, सहाच्या बासऱ्या परत आन."

ती रडली. मीही रडलो, दार लोटून. ती म्हणाली, "पन पास कोन करीन आता?" मी म्हटलं, "तुया कान आहे न." एवढं बोलायला मला फार जड गेलं, पण बोललो ते बरं केलं.

१७ एप्रिल

बासऱ्या परत लागल्या आहेत. मला फरक कळत नाही, बबलूचा चेहरा बघून कळतो. तीन नंबर लावलं की तो आता लहान पोरासारखा उड्या मारतो. पाच नंबर तसंच ठेवलं आहे, एक सूरही हलवला नाही. पहिल्यांदा राहुलच्या वरातीत वाजवणार. मी म्हटलं, वरातीत कुजबुज चालेल का? बबलू म्हणाला, "काका, वरातीत कोनी भिडेखातर नाचत नाही. तिथं जे चाललं थे चाललं."

१ मे

काल राहुलची वरात पावर हाउसवरून निघाली. दिवस कलला होता, ऊन उतरलं होतं. पुढे बबलूच्या धुमाल पार्टीची गाडी, त्यावर ढोल, ताशे, बेंजो आणि मध्ये गुंजन, कोचिंगच्याच सलवार-कुर्त्यात, कॉम्प्युटर घेऊन. 'हूटर' लागला तेव्हा रस्ता हादरला. मी गुडघ्यांचा विचार न करता नाचलो. 'प्रेस' लागलं तेव्हा चौथ्या ठोक्याला दोनशे माणसं एकदम हवेत. घोडीवर राहुलही उडत होता. माझी लेक गाडीवर उभी होती आणि खाली अख्खं पावर हाउस तिच्या बोटावर नाचत होतं. ते पाहायला देवाने मला डोळे चांगले ठेवले हे त्याचे उपकार.

मग गुंजनने हात वर केला. ढोल थांबले, ताशे थांबले. मला वाटलं लाइट गेली. पण माणसं थांबली नव्हती. तो बारीक ठोका मला लागला, पुढचं काही नाही. मी लोकांकडे पाहायला लागलो.

आधी सगळे गाडीकडे तोंड करून उभे राहिले. मग बायका एकमेकींकडे पाहून हसल्या आणि त्यांचे डोळे भरले. मिलमधले माझ्याच वयाचे दोघं-तिघं खाली मान घालून उभे होते. आणि मग पोरं नाचायला लागली, पण कशी? टाचा उचलून, चवड्यांवर, पाऊल न वाजवता. एकेक करून अख्खी वरात चवड्यांवर आली. पैंजणवाल्या बायकांनी साड्या धरून पाय हळूच ठेवले. बँडवालेही चवड्यांवर डोलत होते. एवढी माणसं नाचत होती आणि एकाचाही पाय जमिनीवर आपटत नव्हता. मी असं नाचणं कधी पाहिलं नाही.

मी नलूला विचारलं, "काय म्हनून राहिली थे? सांग न."

नलूने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाला तोंड लावलं आणि मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

"हळू बोला, हळू बोला, बाबा निजले!"

ती एकेक ओळ ऐकायची आणि ओरडायची.

"रातपाळी करून आले, बाबा निजले! बादली नका आपटू, बांगडी नका वाजवू, बाबा निजले! शाळा सुटली, दार हळू लोटा, बाबा निजले!"

मला माहीतच नव्हतं. रातपाळीच्या आठवड्यांत मी सकाळी येऊन पडायचो तो संध्याकाळी उठायचो. मला वाटायचं, आपलं घर शांत आहे. आपली पोरगी स्वभावाने शांत आहे. मी चार लोकांत सांगायचोही तसं.

"उशीवर वाजवते मी ढोलकी!" नलूचा आवाज फाटला होता, तरी ती ओरडत होती. "उशीवर वाजवते मी ढोलकी, आवाज नाही, बाबा निजले!"

वर गाडीवर गुंजन गर्दीत मला शोधत होती. मी दोन्ही हात वर केले. तिला दिसलो.

पुढचा एक पोरगा, चवड्यांवर नाचता नाचता, मागे वळला आणि ओठांवर बोट ठेवून नलूला म्हणाला, "काकू, हळू न."

नलू म्हणाली, "वीस वर्सं हळूच बोलली मी. आता नाही." आणि तिने पुन्हा माझ्या कानाला तोंड लावलं.